अफीफाची झारी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल मी चांगलं बोलायला बसलेय हे कळलं, तर आमच्या ऐन-तूत गावातले निम्मे लोक माझ्या कपाळाला हात लावून ताप बघतील. बघू देत. मी ओदेत. गावातलं रोट्यांचं दुकान माझं, आणि मन्सूरला मनातल्या मनात शिव्या घालत मी कित्येक वर्षं कणीक तिंबली आहे. कणीक त्यामुळे छान मऊ व्हायची, एवढं त्याचं श्रेय मी आधीपासून देत आले आहे.

मन्सूर आमच्या गावचा अरक गाळणारा. त्याचा बाप तेच करायचा, बापाचा बापही तेच. द्राक्षं उतरली की घरोघरची आंबवलेली दारू त्याच्या अंगणात यायची. तो ती बडीशेपेबरोबर तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळायचा, आणि नळीच्या तोंडातून थेंब थेंब अरक उतरायचा. दिसायला पाण्यासारखा नितळ. पेल्यात पाणी ओतलं की मात्र क्षणात दुधासारखा पांढरा. आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही हे ठाऊक असतं.

पहिली धार विषारी असते, डोळे घालवते, म्हणून ती फेकतात. ती कुठे संपली आणि चांगला अरक कुठे सुरू झाला, हे गाळणाऱ्याने ओळखायचं आणि चांगल्या धारेचा पहिला पेला सगळ्या गावासमोर स्वतः रिकामा करायचा. 'जायचेच असतील तर माझे डोळे आधी जाऊ देत,' असा त्याचा अर्थ. त्याने प्यायल्याशिवाय कुणी ओठाला पेला लावत नाही. मन्सूरच्या घराण्याच्या हातून कधी कुणाला काही झालं नाही, म्हणून खोऱ्यात त्याला मान होता. त्या मानाकडे बघूनच आमच्या वडिलांनी अफीफा त्याला दिली.

आधी तो हंगामात प्यायचा, मग हिवाळ्यातही, मग बारा महिने. पण झोकांड्या खाताना त्याला कुणी पाहिलं नाही, आणि आमचा सगळ्यांचा घात झाला तो तिथेच. लोक कौतुकाने म्हणायचे, अबू नवालला चढतच नाही, त्याचं पोट त्या हंड्यासारखं तांब्याचं आहे. नवाल ही त्याची एकुलती एक लेक, म्हणून तो अबू नवाल. लोकांना न दिसणारं अफीफाला दिसत होतं. सकाळी उठल्यावर त्याला सदऱ्याचं बटण लावता येत नसे, इतके हात थरथरायचे. कोठारात जाऊन आला की बोटं शांत. मग दिवसभर माणूस गोड, कामसू, देवमाणूस.

अफीफाने बाटल्या फोडल्या, रडली, माहेरी आली, परत गेली. शेवटी तिने एक झारी हाती धरली. घरात नितळ दिसणारं काहीही असो, त्यात झारीतून चार थेंब पाणी टाकायचं आणि बघायचं. उशाजवळचं पाणी पांढरं झालं. इस्त्रीच्या कपड्यांवर शिंपडायचं पाणी पांढरं झालं. एकदा तर मरियमच्या तसबिरीपुढची तीर्थाची बाटली पांढरी झाली, आणि त्यातलंच तीर्थ आदल्या दिवशी पाद्रीबाबांनी आजारी शेजारणीला पाजलं होतं. ती म्हातारी चक्क उठून बसली होती, आणि गावात चमत्काराचा बोलबाला झाला होता. दारू लपवण्यात मन्सूरचा हात धरणारा कुणी नव्हता. आम्ही तेव्हा हसलो. अफीफा हसली नाही.

उपवास लागण्याच्या आधीच्या गुरुवारी आमच्याकडे सगळे भरपूर खातात आणि पितात. दारुड्यांचा गुरुवारच म्हणतात त्याला. त्या वर्षी नवाल बैरूतहून तान्ह्या नसीमला घेऊन आली होती. लेकीपुढे लाज वाटून सकाळपासून कोठारात न गेलेल्या मन्सूरने नातवाला उचलून घेतलं, सगळ्यांना दाखवत मिरवलं, आणि त्याचे हात असे काही थरथरले की पोर सुटलं. खाली गाद्या होत्या म्हणून निभावलं. पोर भोकाड पसरून रडलं, एवढंच. नवालने त्याला उचललं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, तुमचे हात थांबतील तेव्हा हा तुमच्या हातात येईल," ती म्हणाली. "तोवर नाही."

तिने त्याच संध्याकाळी गाडी काढली. मन्सूर अंगणात उभा राहून आपल्या हातांकडे बघत होता. मी त्या माणसाला फारशी दया कधी दाखवली नव्हती, पण तेव्हा मी त्याचा कोट आणून त्याच्या खांद्यावर टाकला.

सोमवारी उपवास लागले. चाळीस दिवस मांस नाही, अरक नाही. गावात सगळेच सोडतात, त्यात विशेष ते काय. मन्सूर देवळात गेला आणि आमच्या गावच्या संतापुढे, मार सार्किसपुढे गुडघे टेकून नवस बोलला की आजपासून थेंबही नाही. आम्हाला केवढा आनंद झाला. अफीफाने झारी धुऊन फळीवर पालथी घातली.

तिसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला. तो गोधडीवरच्या मुंग्या झटकायला लागला. मुंग्या कुठे होत्या? मेलेल्या बापाशी बोलू लागला, भट्टी विझली म्हणून त्याची माफी मागू लागला. बायका म्हणाल्या, सैतान जाताना असाच त्रास देतो, उपवास आहे, टिकून राहा. कुणीतरी पाद्रीबाबांना मंत्रलेलं तेल घेऊन बोलावलं. बाबा उंबऱ्यात आले आणि त्याच वेळी मन्सूरचे डोळे फिरले, अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला.

"तेल राहू द्या," पाद्रीबाबा म्हणाले. "गाडी काढा. माझा भाऊ असाच गेला, आणि त्यालाही आम्ही तेलच लावत बसलो होतो."

जवळच्या झहले शहरातल्या इस्पितळात त्याला बघायला आल्या त्या डॉक्टरीण रबाब. बालबेकच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या, जन्मात थेंबाला न शिवलेल्या. तीन दिवसांनी मन्सूर भानावर आला आणि ह्या बाईंकडून आपल्यावर उपचार होणार हे कळल्यावर त्याचा ताठा जागा झाला.

"हकीम, तुम्ही कधी चाखलीही नाही. तुम्हाला यातलं काय कळणार?"

"मी कधी मेलेही नाही, अबू नवाल," त्या म्हणाल्या. "पण मरणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. परवा तो तुमच्या खाटेवर होता."

मन्सूरने औषधासाठी तोंड उघडलं. मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

त्यांनी आम्हा बहिणींना बाहेर बसवून नीट समजावलं. एखादा माणूस वर्षानुवर्षं दार बाहेरून ढकलत असेल, तर आतल्याला ते उलट रेटत उभं राहायची सवय होते. बाहेरच्याने एकाएकी हात काढला, तर आतला तोंडावर आपटणारच. दारू मेंदूला दाबत असते आणि मेंदू तो दाब रेटत उभा असतो. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी, एका दिवसात सोडणं म्हणजे हात एकदम काढून घेणं. त्यात झटके येतात, भास होतात, माणूस जातोही. म्हणून इस्पितळात औषध देऊन तो दाब हळूहळू, दिवसादिवसाने कमी करतात, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, रात्रंदिवस लक्ष ठेवतात. ज्याला चढत नाही त्याला लोक पोलादी म्हणतात, पण न चढणं हीच रोगाची पहिली खूण. आणि सकाळी थरथरणारे हात दारूने शांत व्हायचे, ती दुसरी.

मी विचारलं, नवस केला हे चुकलं का? त्या म्हणाल्या की नवस उत्तम आहे, फक्त पुढच्या वेळी डॉक्टरला शेजारी बसवून करा.

मन्सूर घरी आला तो रोडावलेला आणि जेवणावर ताव मारणारा. ओढ कमी करणारी एक गोळी रोज घ्यायची होती आणि दर मंगळवारी झहलेच्या एका शाळेत बैठकीला जायचं होतं. तिथे सगळे सुटलेले किंवा सुटू बघणारे, आपापली कथा सांगायला येतात. मी काय शाळकरी पोर आहे का, म्हणून तो आधी रुसला. मग गेला. तिथे एक खाटीक होता, एक बसचालक होता आणि सलवा नावाच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणे शिकवायच्या तेव्हा तासाला येताना अरक चहाच्या थर्मासातून आणायच्या. ते ऐकून तीर्थाच्या बाटलीवाल्याला एकदम घरच्यासारखं वाटलं. आल्यावर तो अफीफाला म्हणाला की माझ्याहून लबाड माणसं जगात आहेत, आणि त्या रात्री गाढ झोपला.

उन्हाळा चांगला गेला. हात थांबले. नवाल फोनवर बोलायला लागली, पण पोराचं नाव काढलं की ती म्हणायची, "द्राक्षं उतरू देत, मग बघू." ती भट्टीवाल्याची लेक. तिला बापाची परीक्षा कधी असते ते माहीत होतं.

द्राक्षं उतरली. अंगणात पिंपं येऊन लागली. अफीफा म्हणाली, यंदा भट्टी नको. पण गावचा मुख्तार, म्हणजे आमचा मुखिया, अबू फारेस येऊन बसला, आणि अबू फारेसला नाही हा शब्द ऐकायची सवय नाही. मन्सूरनेच तोड काढली. पहिला पेला तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि थुंकायचा. थुंकणं म्हणजे काही पिणं नाही. सगळ्या गावाला हे पटलं. अरक गाळणाऱ्यांच्या गावालाच हे पटू शकतं. मी स्वतः उभी होते. तो अगदी प्रामाणिकपणे थुंकला, दर वेळी, शेवटच्या थेंबापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवडा उलटला असेल. अफीफाने फळीवरची झारी काढली, तिच्या मनात काय आलं देव जाणे, आणि गोडात घालायच्या नारिंगीच्या फुलांच्या पाण्याच्या बाटलीत चार थेंब टाकले. बाटली पांढरी झाली.

गाव म्हणालं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मीही म्हणाले, आणि माझ्या बोलण्याला धार जास्त होती. मन्सूर दोन दिवस कोठारातून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायाने माझ्या दुकानात आला, सदऱ्याची बटणं उघडी, आणि म्हणाला, "ओदेत, मला झहलेला ने. ह्या वेळी एकदम सोडायची नाही मला. मला मरायचं नाही."

शिवी माझ्या जिभेवर होती, ती मी गिळली. दुकान उघडं टाकून मी गाडी काढली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. तो मान खाली घालून म्हणाला की मला वाटलं होतं तुम्ही आता दार लावून घ्याल. त्या म्हणाल्या की हा रोग उलटतो. दमेकऱ्याचा दमा उलटला म्हणून कुणी त्याला हाकलत नाही. तो कुठून उलटला ते शोधायचं असतं. मग त्यांनी विचारलं, पहिला घोट कुठे घेतला?

"घेतला नाही, हकीम. थुंकला."

"जीभ मेंदूची शेजारीण आहे, अबू नवाल. तुम्ही थुंकलात, पण तोवर तिने शेजारी निरोप पोचवला होता."

मन्सूर खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, म्हणजे भट्टी गेली. त्या म्हणाल्या, भट्टी किंवा तुम्ही. हे ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येणार नाही. बापाची भट्टी होती ती.

इस्पितळातून आल्यावर त्याने मुख्तारला घरी बोलावून, तोंडावर सांगितलं की यापुढे माझ्या अंगणात अरक गाळला जाणार नाही. गावात हलकल्लोळ झाला. लोकांना डोंगरापलीकडच्या गावात पिंपं वाहून न्यावी लागली. अबू फारेस चौकात म्हणाला की बायकोच्या झारीला घाबरलेला मर्द त्याने पहिल्यांदा पाहिला. मन्सूरने ऐकलं आणि तो माझ्या दुकानात सरपण वाहायला लागला. रिकामे हात म्हणजे सैतानाचं घर, हे त्याला आता कळलं होतं. पहाटे यायचा, लाकडं रचायचा, झातरचा मसाला लावलेली पहिली रोटी खायचा आणि माझ्या चुका काढायचा. मंगळवार एकही चुकवला नाही. पुढचा दारुड्यांचा गुरुवार त्याने माझ्या चुलीपुढे चीजच्या रोट्या खाऊन काढला. मला त्याची सवय झाली. हे कबूल करायला माझी जीभ अजून जड होते, पण झाली.

गुलाबाचं अफीफाला सुचलं. आमच्या वरच्या उतारावर गुलाबाची झुडपं आहेत, मे महिन्यात सगळा डोंगर घमघमतो. ती म्हणाली, "तुझी आई ह्याच हंड्यात गुलाबपाणी काढायची. मग तुझ्या बापाने तिच्या हातून हंडा काढून घेतला. आता तिचा तिला परत दे."

मे आला. भल्या सकाळी आम्ही गुलाब खुडले, पोती भरली. मन्सूरने किती महिन्यांनी भट्टी पेटवली. नळीतून पहिली धार आली आणि सगळ्या अंगणात वास पसरला. बडीशेपेचा. तांबं कितीही घासलं तरी पिढ्यानपिढ्यांचा अरक त्याच्या अंगात मुरला होता. मन्सूर पांढराफटक पडला. त्याने विस्तव ओढला आणि एक शब्द न बोलता चालू लागला.

अफीफाने माझ्याकडे पाहिलं. कोठार डावीकडे होतं. तो उजवीकडे वळला, थेट माझ्या दुकानात शिरला, कणकेच्या पोत्यावर बसला आणि त्याने सलवाबाईंना फोन लावला. मी पाठोपाठ जाऊन दारात उभी राहिले. तो त्यांना सांगत होता की वास आलाय, तोंडाला पाणी सुटलंय, हात पुन्हा थरथरतायत, मी पोत्यावर बसलोय आणि उठणार नाही. पलीकडून त्या बोलत राहिल्या. गुलाब किती खुडले, देठासकट टाकले का, सगळं विचारत राहिल्या. रोट्यांचा एक घाणा माझ्याकडून करपला. मी चुलीकडे गेलेच नाही. बऱ्याच वेळाने त्याने फोन ठेवला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "गेली लाट." ती अशी येते आणि थोड्या वेळाने जाते, तेवढा वेळ फक्त बसून काढायचा असतो, हे त्याला मंगळवारी शिकवलं होतं. मी आयुष्यात मोठमोठ्या माणसांचे पराक्रम ऐकले आहेत. कणकेच्या पोत्यावर बसून राहिलेल्या माणसाइतकं मला कुणाचं कौतुक वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी झहलेहून कल्हईवाला आला. त्याने जुनी कल्हई खरवडून काढली, हंडा आणि नळी आतून लख्ख केली, नवी कल्हई चढवली. मग अफीफाने राख आणि लिंबं घालून हंडा उकळला, पुन्हा उकळला, वास जाईपर्यंत उकळत राहिली. तोवर डोंगरावर गुलाब संपत आले होते. उरलेल्या झुडपांचे आम्ही खुडून आणले आणि मन्सूरने लेकीला फोन केला की रविवारी ये, पहिली धार काढतोय.

नवाल आली. नसीम आता चालायला लागला होता, पण ती त्याला कडेवरून उतरवत नव्हती. गावही आलं, कारण फुकटचा तमाशा कोण सोडतो. अबू फारेस पुढची खुर्ची धरून बसला. विस्तव मंद, नळीच्या तोंडाशी थेंब जमला, पडला, दुसरा पडला. ह्या वेळी अंगणात गुलाबाचा वास आला. फक्त गुलाबाचा. अफीफाने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

रीत ती रीत. गाळणाऱ्याने पहिला पेला प्यायचा. मन्सूरने पेला धारेखाली धरला, बोटभर कमी भरला, वर उचलला.

"नितळ तर दिसतंय," अबू फारेस खुर्चीतून म्हणाला. "पण तुझी तीर्थाची बाटलीही नितळच होती, अबू नवाल."

लोक हसले. मी मुख्तारच्या तोंडावर गरम रोटी मारली असती. मन्सूर मात्र हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याने पेला अफीफापुढे धरला. "ओत पाणी," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

अफीफाने कट्ट्यावरच्या झारीला हात लावला नाही. "मी बघणं सोडलंय," ती म्हणाली. "ज्याला बघायचं असेल त्याने ओतावं."

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. नवालने पोराला माझ्या कडेवर दिलं. ह्या घरात ती त्या झारीच्या आवाजावर लहानाची मोठी झाली होती. तिने झारी उचलली आणि बापाच्या हातातल्या पेल्यावर तिरकी केली. ती बघत होती पाण्याकडे. मी बघत होते मन्सूरच्या हाताकडे. पेला आता काठोकाठ भरला, आणि त्यातला एक थेंब सांडला नाही.

पाणी पडलं, फिरलं, स्थिर झालं. पेल्यापलीकडे मन्सूरची बोटं जशीच्या तशी दिसत होती.

नवालने झारी खाली ठेवली. मन्सूरने पेला एका दमात रिकामा केला आणि तोंड वाकडं केलं, कारण निव्वळ गुलाबपाणी कडू लागतं. मग रिकामा पेला त्याने अबू फारेसच्या मांडीवर ठेवला. मुख्तारने तो नाकाशी नेला, हुंगला, आणि पुन्हा एकदा हुंगला.

नवाल माझ्याकडे वळली आणि तिने पोर माझ्या कडेवरून काढून घेतलं.

"धरा, बाबा," ती म्हणाली.

मन्सूरने दोन्ही हात पुढे केले. नसीमने त्याची मिशी मुठीत पकडून अशी ओढली की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिशीचं होतं असं तो अजून सांगतो, आणि मीही त्याला मुळीच अडवत नाही. हात मात्र जागचे हलले नाहीत.